हिराजीशेठच्या गाडीतली टक

गॅरेजवाल्याकडे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कामातून उरलेले नट-बोल्ट आपण डब्यात टाकत राहतो आणि एक दिवस बघावं तर डबा उचलवत नाही, तसं होतं. माझ्या डब्यातले निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकात माझी पाचावर धारण बसलेली आहे!

मी पेणला गाड्यांची वायरिंग आणि एसी बघतो. गॅस भरायचं काम माझा भागीदार मोहन करतो. मी भित्रा माणूस. शिकाऊ असताना डोळ्यांदेखत एक गाडी जळताना पाहिली, तेव्हापासून जरा जळका वास आला की माझे पाय आधी पळतात, डोकं मागून येतं. लोक हसतात. हसू देत!

तर ती गाडी हिराजीशेठची. हे खाडीकडच्या गावातले, मिठागरात आयुष्य गेलेले. साठीला आलेला हा माणूस एक दिवस जुनी, तिघांनी वापरलेली गाडी घेऊन दारात उभा. म्हणाले, "बाकी काय नको. एसी चालला पायजे."

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांची एकुलती लेक सुरेखा रोह्याजवळच्या वरसे गावात दिलेली. मागच्या खेपेला भर मे महिन्यात तिला रिक्षातून माहेरी आणलं. वाटेत उन्हानं चक्कर आली आणि पुढे बाळ गेलं. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं होतं, पण शेठच्या डोक्यात ऊनच बसलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि पुन्हा मे महिन्यातच सातवा लागणार होता.

"या वेळी पोर गारव्यात येणार," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, मेलो!

*

एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक' असा आवाज येतो. कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच बसल्याचा आवाज तो. टक आली तर गारवा, नाही आली तर पंखा नुसती गरम हवा फेकतो. आमचं सगळं काम त्या टकेमागे धावण्याचं.

पहिल्या दिवशी टक नव्हती. फ्यूज काढून बघतो तर उडालेल्या फ्यूजला गुटख्याच्या पुडीची चांदी गुंडाळलेली! फ्यूज उडतो तो गाडी वाचवायला. चांदी लावली की तो उडतच नाही आणि वायर तापत राहते. ही वायर तर इतकी तापली होती की बोट लावलं तर कातडं चिकटलं. क्लचची वायर इंजिनला घासून सोलली होती, आणि ही गाडी घेऊन शेठ महिनाभर फिरत होते!

"शेठ, तुम्ही पेटला असता!"

"पेटंल कसा? चांदी हाय ती, साध्या तारेपेक्षा भारी!"

*

मग पंखा. एसीसमोरचा पंखा फिरत नव्हता. खबरदारी म्हणून मी चावी काढून खिशात घातली आणि मोहनला म्हटलं, "घाल हात बिनधास्त."

त्याने फडक्याने धूळ पुसायला हात घातला आणि पंखा सुरू! चावी माझ्या खिशात, आणि पंखा गरगर! फडकं आत ओढलं गेलं, त्याच्या चिंध्या झाल्या. मोहन मागे पडला तो हात छातीशी घट्ट धरून. मला तर बघवेना, मी डोळेच मिटले.

इंजिन तापलं की काही जुन्या गाड्यांत पंखा चावीशिवायही फिरतो, हे मला माहीत होतं. पण तो बंदच पडलाय म्हणून मी गाफील राहिलो. आता बॅटरीची वायर सोडल्याशिवाय आम्ही पंख्याजवळ जातसुद्धा नाही.

मोहनने हळूच मूठ उघडली, बोटं मोजली. "दहा भरली."

मी डोळे मिटूनच म्हणालो, "परत मोज. तुझं गणित कच्चं आहे."

*

एप्रिलमध्ये ब्लोअर फडफड वाजायला लागला. डॅशबोर्डचा कप्पा काढून मी आत हात घातला. हाताला काहीतरी मऊ, कागदासारखं लागलं. ओढत गेलो, ओढत गेलो, संपेचना. सापाची कात!

मी कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही. मोहन सांगतो, दार बंद होतं, मी खिडकीतून आलो.

हिराजीशेठ शांतपणे कात उन्हात धरून बघत होते. "बिनविषारी हाय."

"कशावरून?"

"रोज माझ्या पायापाशी असनार तो. विषारी असता तर मी एवढ्यात गेलो नसतो काय?"

गाडी उलटीपालटी करून शोधली, साप मिळाला नाही. ट्रायलला मी सीटवर मांडी घालून बसलो होतो.

*

मे उजाडला. सुरेखाला आणायला चार दिवस राहिले, आणि एसी पुन्हा रुसला. दुपारी चालायचा, सकाळी बंद! हिराजीशेठ रोज सातला दारात. नुसते बघायचे.

शेवटी बॅटरीखालची अर्थिंगची वायर सापडली. हिरवीगार, सडलेली, वर ओलावा. एवढं पाणी आलं कुठून म्हणून बोटाला लागलेलं चाटून बघितलं. खारट!

"अरे, बॅटरीचं ॲसिड चाटतोस?" मोहन किंचाळला. "मरशील!"

मी नळाकडे धावलो. अर्धी बादली पाण्याने चुळा भरल्या, बायकोला फोन करावा की नाही याचा विचार करत होतो. तेवढ्यात मोहनने बॉनेटच्या कोपऱ्यातून एक काळी पुरचुंडी बाहेर काढली. आत हंगामातलं पहिलं मीठ आणि सात मिरच्या. शेठच्या बायकोने, आमच्या जनाकाकींनी, गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली. खाडीच्या दमट हवेत रात्रभर मिठाला पाणी सुटायचं आणि ते थेंब थेंब वायरवर. दुपारी इंजिनच्या उष्णतेने सुकलं की एसी चालू!

वायर नवी घातली. पण पुरचुंडी फेकायची माझी छाती नव्हती. तीच घेऊन मी काकींकडे गेलो.

"ही नसंल तर पोर गाडीत बसनार नाय," काकी म्हणाल्या.

"ही असेल तर एसी चालणार नाही, काकी. प्लास्टिकमध्ये घालून डिकीत ठेवू का?"

"दृष्ट इंजिनाला लागते रं, डिकीला नाय!"

हिराजीशेठ एकदा बायकोकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मग काकींनीच तोडगा काढला. "ठीक हाय. पुरचुंडी घरात ऱ्हाईल. पन हा गाडीत बसंल. काय व्हायचं ते पयलं याला होऊं दे."

म्हणजे पुरचुंडीच्या जागी मी!

*

वरशाला सुरेखाची ओटी भरली. दुपारी साडेतीनला निघालो. शेठ गाडी चालवताहेत, शेजारी मी, मागे काकी आणि लेक. उन्हाने डांबर मऊ झालेलं. काकींनी निघतानाच बजावलं होतं, "पोटुशी पोर गाडीत हाय. घर येईस्तोवर गाडी कुठं थांबवायची नाय."

आत मस्त गारवा. मी मात्र नाक फुगवून जळका वास शोधत होतो आणि कान लावून टक ऐकत होतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी टक. खिंड गेली, नागोठणं गेलं. टक. माझा जीव जरा भांड्यात पडला.

कासू गावाच्या अलीकडे टक आली नाही.

मी वाट बघितली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. जाळीतून येणारी हवा कोमट झाली, मग गरम. मी हळूच शेठकडे पाहिलं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांनाही कळलं होतं! स्टिअरिंग त्यांनी असं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. त्यांना काय दिसत होतं ते मला कळत होतं. ती रिक्षा दिसत होती.

गाडी थांबवली तर एक वायर बॅटरीवरून थेट क्लचला जोडायची, दोन मिनिटांचं काम. मधे फ्यूज नाही, काही नाही. पण तसं केलेली गाडी मी जळताना पाहिली होती, आणि इथे मागे सात महिन्यांची पोटुशी बसलेली. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो!

काच उघडावी, तर तिला कळणार. तरी मी दोन बोटं काच खाली घेतली. "तंबाखू थुंकायचीय," म्हटलं. मी तंबाखू खात नाही.

मागून काकींचा आवाज आला, जरा जास्तच मोठा. "काय गारवा हाय गो! शाल देऊं काय तुला?"

"व्हय, लय थंड हाय," हिराजीशेठ म्हणाले. घामाचा थेंब त्यांच्या नाकावरून खाली पडला.

मला आरशाकडे बघायचं धाडस होत नव्हतं. तरी बघितलं. सुरेखाचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. ती बापाच्या मानेकडे बघत होती. मानेवरून घामाच्या धारा लागलेल्या, शर्ट पाठीला चिकटलेला. मग तिने पदराने गळा पुसला, आणि आईने पुढे केलेली शाल खांद्यावर घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "एसी जरा कमी करा ना. मला थंडी वाजते."

"करतो गो बाय, करतो," हिराजीशेठ म्हणाले, आणि त्यांनी एसीचं बटण तीनवरून दोनवर आणलं.