आधी स्वतः घेऊन बघितलं

माझ्या काकांच्या सावधपणाचा मला फार राग यायचा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याशेजारी पहाऱ्याला उभे राहणार. असल्या माणसाच्या हातून घात व्हावा, हे अजूनही माझ्या गळी उतरत नाही.

औषधी वनस्पतींच्या कॅप्सूल बनवणाऱ्या कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं मिश्रण खात्यात होते. पोती उघडायची, पूड चाळायची, वजन करून मोठ्या पिंपात फिरवायची. प्रत्येक पोत्यातली चिमूटभर पूड ते आधी जिभेवर ठेवायचे. तसा नियम नव्हता, चाचण्यांना प्रयोगशाळा होती, पण काकांचा जिभेवर भरवसा जास्त. एकदा आल्याच्या पुडीतली भेसळ त्यांच्या जिभेनेच पकडली आणि तेव्हापासून सगळे त्यांना चिमूटकाका म्हणू लागले. साहेबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पोतं आत घेईनात. काकांना याचा केवढा अभिमान! घरी आले की त्या दिवशीच्या मिश्रणात काय काय होतं ते वजनासकट म्हणून दाखवायचे. काकू आणि मी एकमेकींकडे बघून हसू दाबायचो.

काकूच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची. ते निभावलं, पण गुडघ्यांनी दगा दिला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकू दिवसभर खिडकीत बसून राहू लागली. काकांना ते बघवेना. कारखान्यात तेव्हा गुडघ्यांसाठी नवी कॅप्सूल निघाली होती. हळद, आलं, लसूण आणि आणखी आठ वनस्पती, सगळं एकात. काका बाटली घेऊन आले, पण काकूला लगेच दिली नाही. आधी महिनाभर स्वतः घेतली. रोज सकाळी आम्हाला सांगायचे, पोट ठीक, झोप ठीक. मग एक कॅप्सूल काकूच्या हातावर ठेवून म्हणाले, "घे. मी घेऊन बघितली, काही होत नाही."

तीन आठवड्यांनी काकूच्या दंडावर निळे डाग दिसले. ती झोपेत आपटत असेल म्हणून काकांनी पलंगाच्या कडेला जुनी चादर गुंडाळून बांधली. मीही गाठी मारायला मदत केली, त्याची मला आज लाज वाटते. मग एका सकाळी दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेचना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्त भलतंच पातळ झालं होतं, आत कुठे रक्तस्राव झाला तर जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळी ठरल्याप्रमाणेच चालू होती. मग दुसरं काही औषध घेता का, असं त्यांनी विचारलं. काका नाही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या लेखी तो झाडपालाच होता.

मीच म्हटलं, "काका, कॅप्सूल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चारचौघांत त्यांची अब्रू काढली. मग अकराही नावं वजनासकट सांगू लागले, घरी म्हणून दाखवायचे तशीच. तिसऱ्या नावाला बाईंचं पेन थांबलं. पाचव्याला पुन्हा. यातल्या बऱ्याच गोष्टी रक्त पातळ करायला हातभार लावू शकतात, असं त्या म्हणाल्या. एकेकटी कदाचित थोडाच, पण इथे सगळ्या एकत्र होत्या आणि वर गोळी.

"हे सगळं मिळून, या गोळीसोबत, कुणी तपासलंय का?"

"बाई, आम्ही प्रत्येक पोतं तपासतो. वेगवेगळं." काका म्हणाले. "आणि मी स्वतः महिनाभर घेऊन बघितलं."

"तुम्ही रक्ताची गोळी घेता?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. ते रडत होते हे मला जरा उशिराच कळलं.

काकू वाचली. नऊ दिवसांनी आम्ही तिला खुर्चीत बसवून तीन मजले वर आणलं. काका कामावर जातात, पण पूड जिभेवर ठेवणं सोडलंय. साहेबांनी विचारलं तर प्रयोगशाळेकडे बोट दाखवतात. घरी काकूच्या गोळीची वेळ झाली की मला हाक मारतात आणि स्वतः दारात उभे राहतात, डब्याला हात लावत नाहीत.

काकूला आम्ही सगळं समजावून सांगितलंय, तिला ते पटलंयही. तरी रोज माझ्या हातातली गोळी तोंडात टाकण्याआधी ती दाराकडे बघते आणि विचारते, "तुम्ही बघितलीत ना?"