भट्टीबाईंचं कॉलेज

कॉलेजातली मुलं पाठीमागे तिला ‘भट्टी’ म्हणायची. प्राचार्यबाई जिन्यावरून उतरताना दिसल्या की एकजण दुसऱ्याला कोपर मारून सांगे, “भट्टी पेटलीये रे, वर्गात चल.” हे तिच्या कानावर आलेलं होतं आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. रागावते म्हणून पोरांनी ते नाव ठेवलं होतं. पण ती खरोखरच एका भट्टीसमोर लहानाची मोठी झाली होती.

तिच्या बाबांचा काचेचा कारखाना होता. औषधांच्या बाटल्या करायचा. गावातल्या निम्म्या घरांची चूल त्यावर पेटायची. ती थोरली, त्यामुळे बाबांचं बोट धरून कारखान्यात फेरी मारायचा मान तिचा. वितळलेल्या काचेचा रंग बघून भट्टी नीट तापली आहे की नाही हे तिला शाळेत असतानाच कळायला लागलं. साच्यातून निघालेली बाटली उजेडात धरून ती आतला बुडबुडा बोटाने दाखवायची. मुकादम कौतुकाने म्हणायचा, “धाकल्या मालकीणबाई आल्या, आता खोट खपायची नाही.” पाठचा भाऊ मात्र भट्टीची धग लागली की रडायला लागे. त्याला ऑफिसात पंख्याखाली बसवून ठेवावं लागायचं.

ती रसायनशास्त्र शिकली ते कारखान्यासाठीच. बाहेरगावच्या वसतिगृहात राहून, काच का तडकते यावर तिने प्रबंध लिहिला. पदवी घेऊन घरी आली त्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. बाबांनी भावाकडे बघून सांगितलं की येत्या सोमवारपासून त्याने त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. तिला आधी वाटलं, आपलं नाव मागून येईल. ते आलंच नाही.

“आणि मी?” तिने विचारलं.

“तुझ्यासाठी कॉलेज आहे की,” बाबा म्हणाले. कामगारांच्या पोरांसाठी त्यांनी कारखान्याच्या जागेवर एक कॉलेज काढलं होतं. “भट्टीपाशी बाईमाणसाने कशाला घाम गाळायचा? तिथे मानाचं काम आहे. लोक वाकून नमस्कार करतील.”

बाबा हे अगदी लाडाने बोलले, आणि तेच तिला जास्त झोंबलं. आई भाजी वाढत होती, तिने मान वर केली नाही. भाऊ पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला, तो बराच वेळ खाली ठेवेचना.

ती कॉलेजात शिकवायला लागली. जुने प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा त्या खुर्चीसाठी तिची मुलाखत झाली, पण ती नावालाच. समोर बसलेले सगळे बाबांच्या पदरचे. त्यांनी तिला बाबांची तब्येत विचारली आणि चहा मागवला. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, आपल्याला खेळणं दिलंय ना, मग त्याचा कारखाना करून दाखवते.

आणि तसंच केलं. घंटा झाल्यावर येणाऱ्या प्राध्यापकाला ती वर्गात जाऊ द्यायची नाही. तो तास संपेपर्यंत त्याने पटांगणात उभं राहायचं, वर मुलं खिडकीतून बघत असायची. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर चौकशी. निकाल असे काही वर चढले की आसपासच्या गावांतून मुलं यायला लागली. गावाला वाटायचं, काय ही निष्ठा, बाईने संसारसुद्धा केला नाही. संसाराचं म्हणाल तर दोन-तीन स्थळं येऊन, चहा पिऊन, घाबरून गेली होती.

तिच्या खोलीच्या खिडकीतून कारखान्याचं धुराडं समोरच दिसायचं. धूर काळा झाला की तिचं कामातलं लक्ष उडे. ती भावाला फोन करायची की हवा कमी पडतेय, जळण वाया जातंय. भाऊ हसून म्हणे, “ताई, तू तुझी पोरं सांभाळ.” रिसीव्हर ठेवल्यावर समोर जो कोणी येईल त्याची धडगत नसायची.

अशी वर्षं गेली. आई वारली आणि कारखान्यातला आपला हिस्सा लेकीच्या नावावर करून गेली. जन्मभर मान वर न केलेल्या आईने एवढं एक काम मात्र कुणाला न विचारता केलं. घरात कुणी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. भाऊ कागद पाठवायचा, ती सही करायची.

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. गिऱ्हाइकं गळायला लागली. भट्टीची डागडुजी भाऊ दर वर्षी पुढे ढकलत राहिला आणि एका दुपारी भट्टीचं छप्पर आत कोसळलं. कामगार जेवायला गेले होते म्हणून वाचले. धुराडं बंद पडलं. महिनाभरात बाबांनी तिला घरी बोलावलं.

बाबा आता फार थकले होते, पण आवाज तोच. त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. कॉलेजची इमारत आणि मैदान कारखान्याच्याच नावावर होतं, आणि त्या जागेला चांगलं गिऱ्हाईक आलं होतं. ती विकायची, त्या पैशातून नवी भट्टी बांधायची. कॉलेज बाजारातल्या एका माडीवर हलवता येईल, नाही जमलं तर बंद करता येईल. आणि कारखाना तिने चालवायचा.

“आता तूच ये,” बाबा म्हणाले. “तुझ्याशिवाय कुणाच्याने व्हायचं नाही हे.”

भाऊ शेजारी खाली बघत बसला होता. सारा जन्म ज्या वाक्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं, आणि तिला आनंदाऐवजी अंगाचा तिळपापड झाल्यासारखं वाटत होतं. का, ते तिला कळत नव्हतं. विचार करून सांगते, एवढंच म्हणून ती उठली.

कॉलेजात येऊन तिने उपप्राचार्यांना सगळं सांगितलं. ते गणित शिकवायचे, मितभाषी गृहस्थ, तिच्या हाताखाली केस पिकलेले. तिला वाटलं होतं, ते हात जोडतील, आम्हाला सोडून जाऊ नका म्हणतील.

ते म्हणाले, “घ्या तो कारखाना, मॅडम. तुम्हाला इथे कधी राहायचंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे राग तुमच्या घरच्यांवर होता आणि उन्हात आम्ही उभे राहिलो. माझी बायको दवाखान्यात होती, त्या सकाळीसुद्धा मी पटांगणात उभा होतो. तुम्ही कारण विचारलं नाहीत. कॉलेज तुम्ही उत्तम चालवलंत, त्याबद्दल दुमत नाही. पण आम्ही इथे नोकरी केली ती दुसऱ्या कुणाची तरी शिक्षा भोगल्यासारखी.”

तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. इतका उद्धटपणा तिच्याशी कुणी केला नव्हता. हा कोण मला सांगणार, असं म्हणत ती तशीच तरातरा कारखान्याकडे निघाली.

फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने आडवा हात घातला आणि कोणाकडे काम आहे ते विचारलं. मालक कोण आहेत ते माहीत नाही का, असं ती कडाडली. तो बिचारा म्हणाला, “साहेब आतच आहेत, बाई, पण चिठ्ठीशिवाय सोडू नका असं त्यांनीच सांगितलंय.” शेवटी भावाला फोन लावून त्याने तिला आत सोडलं. आत सगळी यंत्रं बदललेली, तिच्या ओळखीची एकही नाही. भट्टीच्या जागी थंड विटांचा ढीग. कोपऱ्यात बसलेल्या चार-पाच कामगारांनी तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. त्यातला एक मात्र धडपडत उठला आणि “नमस्कार मॅडम” म्हणाला. तो तिच्या कॉलेजचा विद्यार्थी होता. त्याने विचारलं ते एवढंच, की धाकट्या बहिणीला यंदा प्रवेश मिळेल ना?

तिथूनच ती भावाला घेऊन बाबांकडे गेली.

“तेव्हा का नाही दिलात?” तिने उभ्या उभ्याच विचारलं.

“तेव्हा तुझा भाऊ होता.”

“तो आजही आहे.”

“आज त्याने बुडवलाय,” बाबा म्हणाले.

“म्हणजे चांगला होता तोवर त्याचा, आणि मोडला की माझा. मी नाही घेणार. कारखाना विका, मी सही करते. पण आधी कॉलेजची जागा कॉलेजच्या नावावर करा. ते झाल्याशिवाय माझ्या हिश्श्याची सही विसरा.”

भाऊ पहिल्यांदाच ओरडला. ताईला घराण्याची चाड नाही, बाबांना या वयात रस्त्यावर आणते आहे, असं बरंच बोलला. तिने ते ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही.

बाबा म्हणाले, “किती राग आहे गं तुझ्यात.”

“आहे. या घरातून माझ्या एकटीच्या मालकीचं तेवढंच तर मिळालं मला.”

तिच्या म्हणण्याप्रमाणे झालं. जागा कॉलेजच्या नावावर चढली, कारखाना विकला गेला, धुराडं पाडलं. ते पडताना बघायला गाव लोटलं होतं, ती खिडकीला पाठ करून तपासायचे पेपर तपासत बसली.

उपप्राचार्यांची माफी तिने मागितली नाही. पण पटांगणात उभं राहण्याची शिक्षा त्या आठवड्यापासून बंद झाली, आणि कुणी उशिरा आलं की ती आधी कारण विचारू लागली. कारण ऐकून रागवायची ती रागवायचीच.

बाबांना भेटायला ती रविवारी जायची. एकदा औषध घेता घेता ते आपणहून म्हणाले, “तू त्याच्यापेक्षा हुशार होतीस, हे मला माहीत होतं. पण त्याने तुझ्या हाताखाली काम केलेलं मला बघवलं नसतं.”

बाबांना आपली लायकी कळली नाही, अशी तिने जन्मभर मनाची समजूत घातली होती. तर त्यांना कळली होती, आणि तरीही. ती हातातला पेला आपटून निघाली आणि पुढचे काही रविवार गेलीच नाही. त्याच काळात बाबा गेले. अंत्यसंस्कारात तिच्या डोळ्याला पाण्याचा थेंब आला नाही. दुसऱ्या दिवशी ती तासाला हजर झाली. बायका नावं ठेवत राहिल्या. भावजयीने येणंजाणं तोडलं.

निवृत्त होताना तिने खुर्चीसाठी उपप्राचार्यांचं नाव पुढे केलं. कॉलेजच्या मंडळाला आश्चर्य वाटलं, कारण दोघांमधून विस्तव जात नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. याच गृहस्थांना का, असं अध्यक्षांनी विचारलं.

“त्यांना हे कॉलेज पहिल्यापासून आवडतं,” ती म्हणाली. “मला ते फार उशिरा आवडलं.”

मग जोडीला तिने हेही सांगितलं की गृहस्थ मवाळ आहेत, निकाल खाली येतील, तेव्हा लक्ष ठेवा. पुढच्याच वर्षी निकाल थोडे घसरले. तिने फोन करून त्यांना चांगलं फैलावर घेतलं.