अण्णांचं चुकलं नव्हतं

अण्णा गेल्याचा निरोप लोणावळ्याहून सकाळच्या गाडीने कामशेतला आला, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो आणि घरभर फिरत राहिलो. महिना होत आला, तरी ते फिरणं थांबलेलं नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी संपादकांनी अण्णांवर चार ओळी मागितल्या. लिहायला बसतो, उठतो, कागद फाडतो... अण्णांबद्दल जे सांगायलाच हवं, त्यात माझी लाज आहे.

अण्णा माझे मावसभाऊ, गुरांचे डॉक्टर. पण गाई-म्हशी सोडून त्यांना वेड डुकरांचं! लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसायचं नाही. अण्णा हसून म्हणायचे, "बरं झालं, जिलबी वाढणाऱ्याला मी चटकन दिसतो." लढाईच्या काळात देहूरोडच्या छावणीसाठी डुकरं पाळली होती, तिथे त्यांनी मला मदतनीस म्हणून लावून घेतलं. पावसाळ्यात पिल्लं खोकून मरायची. छावणीचा गोरा साहेब म्हणे, साथ आहे. अण्णा म्हणत, साथ कसली, ओली फरशी आहे. ते पटवायला त्यांनी निम्म्या पिल्लांना भाताच्या पेंढ्याचं अंथरूण दिलं, निम्मी फरशीवरच ठेवली. मरायची वाट कशाला बघायची, तापावरूनच फरक कळेल, असा त्यांचा हिशेब. रोज सकाळी प्रत्येकाचा ताप मोजून लिहायचा, हे काम माझं.

शेपटीखाली थर्मामीटर धरायचा आणि त्याच हाताने घरी जेवायचं, हे मला जमेना. दोन दिवस कसंबसं केलं. तिसऱ्या दिवसापासून कुंपणाबाहेर उभा राहून मनानेच आकडे भरू लागलो. सगळ्यांना एकशे दोन, म्हणजे डुकराच्या अंगात नेहमी असतं तेवढंच, मधूनच कुठे एकशे तीन. तिथली झाडलोट करायला डोंगरातल्या वाडीवरून गंगूमावशी यायची. तिने एकदा हटकलं, "दादा, तुमी तर आत गेलाच न्हाई. मंग लिवता काय?" मी तिच्यावरच डोळे वटारले.

तीन आठवड्यांनी तक्ता साहेबापुढे गेला. दोन्ही बाजू सारख्या. साहेबाने पेंढा छावणीच्या खेचरांकडे वळवला. मावशी कळवळून म्हणाली, "वल्यात पिल्लं ऱ्हायची न्हाईत, आण्णा. त्या कागदाला थंडी वाजतीया का?" अण्णांनी मान खाली घातली. "आकडे आहेत मावशी. माझंच चुकलं."

श्रावण संपेपर्यंत दोन्हीकडची पिल्लं गेली. अण्णा एकेकापाशी ओणवे बसायचे, साथच असावी म्हणायचे. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर अण्णांच्या तोंडाकडे बघायचा धीर नव्हता. पुढे हाताखाली कुणी नवीन आला, की अण्णा त्याला हीच गोष्ट सांगायचे. "आपलं लाडकं मतसुद्धा सोडता आलं पाहिजे. विचारा याला, आकडे यानेच घेतले होते." मी मान डोलवायचो! ती मान आठवली की आजही जागेवर बसवत नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा ते पडवीत खाटेवर होते. एकदम म्हणाले, "पेंढ्याचं पुन्हा एकदा करून बघायला हवं होतं रे..." खरं काय ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी म्हणालो, "आता कशाला तो त्रास, अण्णा," आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला तासभर अवकाश होता.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. अण्णांच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवला, एरवी पडवीतूनच परतायचो. टेबलासमोरच्या भिंतीवर तोच तक्ता, चौकट करून लावलेला. एकशे दोन, एकशे दोन, एकशे दोन. वहिनींनी तो खिळ्यावरून उतरवला. "रोज सकाळी आधी हे वाचायचे, मग कामाला बसायचे. अक्षर तुमचं आहे, आठवण म्हणून तुम्हीच न्या."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. अण्णा बरोबर होते, हेही सांगितलं. वहिनींनी पदराने काच पुसली आणि तक्ता परत खिळ्याला लावला.

"मग हा इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही येत जा. वाचायला."