उंबऱ्याजवळचा पाट

ये गं, अशी जवळ ये. अर्धी चप्पल पायात ठेवून दारातूनच काय बोलतेस? वेलचेरीहून येतेस ती जणू खाली बस थांबवून ठेवल्यासारखी. पर्स ठेव आधी, बस. मागच्या वेळी आलीस तेव्हा एक प्रश्न टाकलास, "आजी, तुझं ते छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा तुला काय वाटलं गं?" मी म्हटलं, काही नाही वाटलं. तर तोंड एवढंसं केलंस आणि उठलीस. म्हातारी लपवते, असं वाटलं ना तुला? अगं, मी शाळा फार शिकले नाही, पण खोटं बोलायचं असतं तर यापेक्षा बरं बोलले असते. म्हणून आता बोलते तसंच कागदावर उतरवते. यातून तुला मध्येच उठून जाता यायचं नाही.

तुझा बाप तेव्हा अर्ध्या चड्डीत शाळेला जात होता. आम्ही नुंगंबाक्कमला एका घराचा मागचा भाग भाड्यानं घेतला होता. मी, तुझे आजोबा, दोन पोरं आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण आणि माझी सासू, दोन्ही तीच. आमच्या तंजावरकडच्या घरांत आत्याच्या मुलाला मुलगी द्यायची चालच होती. लग्नाआधीही आत्या, लग्नानंतरही आत्या. फक्त रागवायचा हक्क दुप्पट झाला.

आत्याची मडी फार कडक. पुण्याकडचे लोक सोवळं म्हणतात, तेच. डोक्यावरून स्नान करायचं, वाळवून उंच ठेवलेलं लुगडं नेसायचं, मग स्वयंपाकघरात पाय. तुझ्या आजोबांनासुद्धा कॉफी बाहेर मिळायची. मला त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटे. आत गेलं की ते चार भिंतींचं राज्य माझं. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे चूल माझ्याकडे आली होती. घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

गाठ मला शुक्रवारच्या तेलाच्या न्हाणाला लागली. छातीत उजव्या बाजूला, भिजल्या वाटाण्यासारखी. आत्याला दाखवली. तिनं दोन बोटांनी चाचपली, सार उकळेपर्यंत थांबली आणि मग बाहेर येऊन मुलाला म्हणाली, "आज ऑफिसला चिठ्ठी पाठव. हिला दाखवून आण."

ऑपरेशन झालं. त्या काळी सगळंच काढायचे, खालच्या स्नायूंसकट. पट्टी सोडली तेव्हा मी खाली पाहिलं. सपाट, फळीसारखं, कातडीखाली बरगड्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंड फिरवलं. माझ्या मनात आलं, आता चोळ्या उसवून एका बाजूनं लहान करायला हव्यात. खरं सांगते, एवढंच आलं. डॉक्टरीणबाईंनी टाचणी घेतली आणि ठिकठिकाणी टोचून विचारलं, "कळतं का?" छातीवर नाही. काखेत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला नाही. त्या म्हणाल्या, तिथली शीर तुटते, थोडं परत येईल, थोडं येणार नाही. हा हात मात्र जपायचा. कापायचं नाही, भाजायचं नाही, नाहीतर सुजेल आणि मग उतरायचा नाही.

मी एकच प्रश्न विचारला, "स्वयंपाक?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जीव वाचला हे हिला पुरेसं नाही का.

मग करंट सुरू झाला. ते किरणांचं यंत्र गं, इकडे सगळे त्याला करंटच म्हणायचे. करंट ठेवायला चालले, करंट झाला का. यंत्र कुठं रोखायचं ते कळावं म्हणून छातीवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या. नर्स रोज बजावायची, "तण्णी पडक्कूडादु, अम्मा." पाण्याचा थेंब लागता कामा नये. रेघा पुसल्या की सगळं माप पुन्हा घ्यावं लागणार.

आणि इथं घोळ झाला. पाणी नाही म्हणजे स्नान नाही. स्नान नाही म्हणजे मडी नाही. मडी नाही म्हणजे स्वयंपाकघर नाही. आत्यानं मला पुढच्या खोलीत चटई घालून दिली, महिन्याचे दिवस बसायचो तशी. फक्त हे दिवस संपत नव्हते. पान वेगळं, पेला वेगळा. घशातून घास उतरेना, तोंडाला चव नाही, कॉफी म्हणजे नुसतं ऊन पाणी. कातडी काळी पडून सोलायला लागली. थकवा असा की वेणीही आत्यानंच घालायची, लांबून, आणि घातली की पुन्हा न्हायला जायची. मी भिंतीला टेकून आतले आवाज ऐकायची. मोहरी तडतडायची थांबली तरी आत्याला दिसत नसे, मग जळका वास. तुझा बाप जेवताना म्हणे, "आज्जी, यात पुन्हा खडा." मी ऐकायची. दुःख व्हायला हवं होतं ना? झालं नाही. कुणीतरी दुसऱ्याच घरातलं सांगतंय असं वाटायचं.

तेवढ्यात दिवाळी आली. इथली दिवाळी म्हणजे पहाटेचं तेलाचं न्हाण. त्या दिवशी नळाचं पाणीसुद्धा गंगा होतं, आणि दिवस उजाडला की जो भेटेल तो गंगास्नान झालं का म्हणून विचारतो, "गंगास्नानम् आच्चा?" मी चटईवर पडले होते. आत्या तेलाची वाटी घेऊन आली आणि सरळ माझ्या डोक्यावर हात ठेवला. मडीत असून. मडी मोडायची पर्वा न करता, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

"ऊठ."

"आत्या, पाणी लावायचं नाही म्हणालेत."

"पाणी कोण लावतंय? आज गंगा आहे. त्या नर्सनं पाणी लावू नको म्हटलं. गंगा लावू नको म्हटलं का?"

"पण रेघा..."

"डोक्यावरून घालते गं मी. गंगेला कळतं कुठं वाहायचं ते."

तिच्याशी वाद घालायला अंगात जीव लागतो, तो माझ्यात नव्हता. तिनं मला पाटावर बसवलं, छातीवर पंचा गुंडाळला आणि मोजून मापून, हळूहळू तांब्या ओतला. गंगेला काही कळलं नाही. पंचा भिजला. खाली मोरीत जांभळं पाणी निघालं. मी ते बघत राहिले. छातीला काही लागत नव्हतं, ऊन की गार तेही कळत नव्हतं. आत्याला तर जांभळं दिसलंच नाही. ती खूश होती. लुगडं नेसवलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, "चल आता आत."

आत गेले. चूल पेटलेली होती. पुढच्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं पितळी पातेलं, पाणी उपसून झालं तरी रिकामंच तापत राहिलेलं, मागच्यावर दिवाळीचं मरुंदु शिजत होतं. ते सुंठ-ओव्याचं काळं औषध गं, फराळाआधी बोटभर चाटायचं. मी उलथणं घेतलं आणि ढवळायला लागले. हात पुरता वर जात नव्हता, म्हणून पुढच्या पातेल्याच्या काठावरून नेला. ढवळत होते. बरं वाटत होतं म्हणू? नाही. पण हात आपलं काम करत होता.

आत्यानं नाक वर केलं. "काय करपतंय?"

"काही नाही. मरुंदु पातळच आहे अजून."

"अगं करपतंय! डोळे गेलेत माझे, नाक नाही गेलं."

मी मरुंदात पाहिलं, चुलीत पाहिलं. मग तिनं जवळ येऊन माझा हात ओढला. दंडाची आतली बाजू पातेल्याच्या काठाला टेकून भाजली होती. कातडी काठालाच राहिली. मला कळलंच नव्हतं. आत्या खाली बसली आणि पोरीसारखी रडली. मी तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत म्हटलं, "दुखत नाही गं आत्या, खरंच दुखत नाही." त्यावर ती आणखीच रडली. बाहेर शेजारीण विचारत होती, "गंगास्नानम् आच्चा?" तुझे आजोबा म्हणाले, "आच्चु, आच्चु."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात नर्सनं पदर बाजूला केला. "अम्मा, तण्णी?"

"गंगा," मी म्हटलं.

तिनंही आदल्या दिवशी गल्लीभर तेच विचारलं असणार. ओठ दाबून हसली आणि माप घ्यायच्या पट्ट्या आणायला गेली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. हात तोवर कोपरापर्यंत फुगला होता, बांगड्या रुतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चूल बंद. मी सांगेपर्यंत." नवीन रेघा काढल्या.

घरी येऊन मी आपणहून चटईवर बसले.  आत्यानं आतून स्वतःचा जपाचा पाट आणला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून बाहेर ठेवला.

"इथं बस."

"मी पारोशी आहे, आत्या."

"उंबरा आत नाही. बाहेरही नाही. तिथं मडी लागत नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"मी सांगते. घरात मोठं कोण आहे?"

जन्मभर उंबऱ्याबाहेर दोन हात अंतर ठेवायला लावणारी बाई ही! तेव्हापासून रोज मी पाटावर आणि ती चुलीशी. मी तांदूळ निवडायची, सुपात डोळे घालून. "आत्या, मोहरी झाली. आत्या, वास नको बघू, रंग बघ, म्हणजे मी बघते, आता उतरव." ती म्हणे, "बोल की लवकर, जळाल्यावर सांगतेस!" एके दिवशी तिनं लांबून माझ्या तळहातावर साराचा थेंब टाकला. चाटला आणि म्हटलं, "खारट." पळी तिच्या हातातून खाली पडली. "मीठ कळलं तुला?" पदरानं डोळे पुसत राहिली. मला आनंद झाला का? नाही गं. खारट आहे, एवढंच कळलं. पण ते कळलं.

करंट संपला. पुढे सूज बरीच उतरली, सगळी नाही. दंडाला जाड कापड बांधून मी पुन्हा चुलीशी गेले, तेव्हा पाटावर आत्या बसायला लागली. तिला तर काहीच दिसत नव्हतं, तरी सूचना चालूच.

तो दंड अजून तसाच आहे. टोचून बघ हवं तर. आणि पाटही तिथंच आहे, गॅस आला तरी. आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा मोहरी जळली आणि मला वासावरून कळलं. पाट रिकामा आहे गं. या शुक्रवारी ये, आंघोळ नाही केलीस तरी चालेल. उंबऱ्याशी बस आणि मला सांग, मोहरी झाली का ते. लवकर ये.