मुंजाजी पळतो तो रस्ता

गोरेगाव ते सेनगाव या रस्त्यावर मुंजाजीनं सोळा वर्षं काळीपिवळी जीप चालवली. त्यातली निदान दहा वर्षं तो पुऱ्या शुद्धीत कधी स्टेअरिंगवर बसला नाही. तरी लोक बसायचे. "मुंज्याचा हात पक्का हाय," म्हणायचे. दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्या हाताची थरथर थांबायची नाही, हे फक्त त्याच्या बायकोला, रूपाबाईला माहीत होतं.

सात वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी भरदुपारी, ती जीप एका वळणावर रस्ता सोडून तुरीच्या रानात उलटली. आत अकरा माणसं होती. दहा वाचली. मुंजाजीच्याच गल्लीतली पारुबाई, लेकीला भेटायला निघालेली म्हातारी, जागीच गेली. मुंजाजीच्या कपाळाला नुसती खोक पडली.

चार महिने आत राहून तो जामिनावर सुटला. लायसन गेलं, जीप गेली, खटला चालू राहिला. एवढं झाल्यावर तरी दारू सुटली असेल असं कुणालाही वाटेल. ती वाढली. आधी हात थांबावा म्हणून प्यायचा, आता पारुबाई दिसू नये म्हणून पिऊ लागला. रूपाबाई पोरीला घेऊन माहेरी गेली. जाताना भांडली नाही. "तुमी मेल्यावर निरोप धाडायला सांगून ठेवा कुनाला तरी," एवढंच म्हणाली.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी दारू मिळाली नाही म्हणून मुंजाजीला ओट्यावरच झटके आले. शेजाऱ्यांनी दुसऱ्या कुणाच्या जीपमध्ये घालून हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अंगाची थरथर जायला नऊ दिवस लागले. तिथं पेशंटला समजावून सांगायला अनुश्री नावाची बाई होती. वयानं बरीच लहान, पण मुंजाजी तिला ताई म्हणायचा.

"तलप दिवसभर राहत नाही," ती म्हणाली. "वीस-पंचवीस मिनिटं जोर करते, मग उतरते. तेवढा वेळ तुम्ही काय करणार, ते आत्ताच ठरवा."

मुंजाजीनं डोकं चालवलं. बसायच्या जागा, बोलायची माणसं, सगळीकडं बाटलीच होती.

"पळतो," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी रबरी चपला घालून तो गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेला आणि कठड्याला धरून ओकला. पानटपरीवरून कुणीतरी म्हणालं, "मुंज्या, पोलीस लागले काय मागं?" दिवसातून चार वेळा तलप यायची, चार वेळा तो पळायचा. ताईनं आणखी एक काम लावलं होतं. पळताना मनात जे येईल ते ओळखायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. म्हणून तो रस्त्यानं पुटपुटत जायचा, "ही तलप. हा राग. ही भूक." लोक म्हणाले, डोकं फिरलं.

तलप खरंच उतरायची. पारुबाई उतरायची नाही. किती लांब गेलं तरी ती सोबत असायची. पुढच्या खेपेला त्यानं ताईला ते सांगितलं.

"त्यावर माझ्याकडं इलाज नाही, मुंजाजीभाऊ. खोटं कशाला सांगू?"

ती खरं बोलली म्हणून तो तिच्याकडं जात राहिला.

दुसऱ्या वर्षी तो रोज पहाटे पंधरा किलोमीटर पळायचा आणि मग आडतीवर पोती उचलायला जायचा. रूपाबाई परत आली. रोज संध्याकाळी जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. आजही घेते.

तिसऱ्या वर्षी देवला आला. तोही जीपवाला, पिण्यातला जुना सोबती. "मला बी घे," म्हणाला. अंगानं काटकुळा, पायानं हलका. पाच महिन्यांत तो मुंजाजीला मागं टाकू लागला. हिंगोलीत एका व्यायाम मंडळानं बेचाळीस किलोमीटरची दौड ठेवली, तेव्हा देवला बराच आधी पोचला आणि मुंजाजीला सोबत म्हणून शेवटचा तुकडा पुन्हा पळाला.

पोळ्याच्या आदल्या दुपारी देवला आडतीवर आला. "गड्या, मन लागून न्हाई राहिलं. चल, पळून येऊ."

ट्रक निम्मा भरायचा होता. "ऊन उतरू दे," मुंजाजी म्हणाला. "सांजच्याला जाऊ."

"बराबर," देवला म्हणाला आणि जरा वेळ तिथंच उभा राहिला. मग गेला.

संध्याकाळी तो घरी नव्हता. पोळ्याच्या सकाळी शेताच्या धुऱ्याजवळच्या नालीत सापडला, वीतभर पाण्यात, पालथा. अंगाला दारूचा वास होता.

माती झाल्यावर अंघोळ करून चौघं लिंबाखाली बसले. एकानं ग्लास भरून मुंजाजीपुढं धरला. "आज घे. आज कोनी काई म्हननार न्हाई." मुंजाजीनं तो हातात घेतला. "ही तलप" म्हणायला त्याचं तोंड उघडेना. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि ओल्या कपड्यांनीच रस्त्याला लागला.

पंचवीस मिनिटं झाली, तलप उतरली नाही. तास झाला, तरी नाही. जीप उलटली ते वळण आलं. पायी त्यानं ते कधी ओलांडलं नव्हतं. त्या दिवशी ओलांडलं आणि पुढच्या गावात जाऊन पारुबाईच्या लेकीच्या, गंगूताईच्या अंगणात उभा राहिला. ती बैलांच्या पूजेचं ताट लावत होती. कोर्टात चार वेळा समोरासमोर आलेल्या माणसाला तिनं लगेच ओळखलं.

"काहून आलास?"

"माझा सोबती गेला. पिऊन गेला. आज म्या बी पिनार होतो."

आत जाऊन तिनं तांब्या आणला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. हातात दिला नाही.

"ताई, तुमची माय..."

"तिचं नाव घेऊ नको. पानी पी अन् जा. आमचे मालक येतील आता."

तो पाणी प्यायला आणि चालत परत निघाला. पळायला पायात काही उरलं नव्हतं. दिवस मावळता घरी पोचला तेव्हा रूपाबाई दारात उभी होती. तिनं वास घेतला आणि ती बाजूला झाली.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. यंदा उन्हाळ्यात मुंजाजीनं वकिलाचं न ऐकता कोर्टात सांगितलं, की त्या दिवशी मी प्यालो होतो. निकाल लागायचा आहे. शिक्षा होणार, असं वकील म्हणतो.

"आत पळायला जागा असती काय?" परवा भाकरी थापता थापता रूपाबाईनं विचारलं.

"अंगण हाय मोठं," मुंजाजी म्हणाला. "पन सोडतील का न्हाई, ठाव न्हाई. न्हाई सोडलं तर जागच्या जागी पळीन."

रूपाबाईनं भाकरी उलटली.