आतड्याकडचा घाट बंद

तुमच्या शौचातून रक्त गेलं, तर किती दिवस गप्प बसाल?

मी सात महिने बसले. वय तेवीस. रेशन, पाणी, एसटी यांवर पत्रकं लिहून वरंधपासून महाडपर्यंत वाटणारी मी स्वतःच्या रक्ताबद्दल एक ओळ बोलले नाही. फक्त आईला सांगितलं. ती म्हणाली, "आव हाय. कुड्याची साल उगाळून देते. आनि कुनाला सांगू नको गो, मूळव्याध समजतील."

आमच्याकडे पोट बिघडलं की कुडा. मी सात महिने तो कडू घोट घेतला. वजन नऊ किलोंनी उतरलं.

आठव्या महिन्यात मुंबईत कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून पाहिलं. डॉक्टरबाईंनी पडद्यावरच्या लाल जखमा दाखवल्या. "अल्सरेटिव्ह कोलायटिस. तुझी स्वतःची प्रतिकारशक्तीच आतड्यावर हल्ला करते आहे."

रडू आलं, आणि थोडं हायसंही वाटलं. शत्रूला नाव मिळालं होतं.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी रक्त थांबलं. गोळ्या कमी केल्या की पुन्हा सुरू. दोनदा असं झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता प्रतिकारशक्तीला आवर घालणारी अँटिबॉडी देऊ. तिनेही नाही जमलं, तर मोठं आतडं काढण्याचा विचार करावा लागेल."

आईने माझा हात घट्ट धरला. "म्हंजे हिची ताकद आनखी कमी करनार?"

"ताकद भरपूर आहे हो तिच्यात. चुकीच्या जागी कामाला लागली आहे."

मग त्यांनी समजावलं. लिम्फोसाइट म्हणजे पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या अंगावर हुकासारखा एक आकडा असतो. त्याने त्या आतड्याच्या रक्तवाहिनीला धरतात आणि आत शिरतात. माझ्या औषधातली अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन, तो आकडाच झाकते. पेशी मरत नाहीत, आतड्यात शिरू शकत नाहीत.

"पावसाळ्यात तुमचा वरंधा घाट बंद करतात ना?" बाई म्हणाल्या. "गाड्या कुणी मोडत नाही. भोरकडे जाता येत नाही एवढंच. महाडचा बाजार चालूच राहतो."

आई म्हणाली, "असं सांगा की मग!"

दुसऱ्या काही अँटिबॉडी सूज भडकवणारं रसायन अडवतात. त्यांचा परिणाम अंगभर होतो, दबलेला टीबी वर येऊ शकतो. कुणाला कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतात. माझाही छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी झाली, मगच सलाइनमधून पहिला डोस मिळाला. अर्धा तास लागला. बाजूच्या खुर्चीवरच्या काकू स्वेटर विणत होत्या. त्यांचा अकरावा डोस होता. "घाबरू नकोस, मला तर इथेच छान झोप लागते," म्हणाल्या.

दुसऱ्या डोसनंतरही रक्त जात होतं. मी आतडं काढलेल्या लोकांबद्दल वाचू लागले. तिसऱ्या डोसच्या दिवशी बाईंनी विचारलं, "आणखी काही घेतेस का?" मी नाही म्हणाले. आईने पदराशी चाळा केला. "तिच्या पेजेत थोडा कुडा घालते."

मी ओरडलेच. बाई हसल्या. "आई, माझ्यापासून चोरून काही नको. काय लागू पडतंय आणि काय त्रास देतंय, मला कळणार कसं? कुडा बंद, पेज चालू."

औषधाच्या पाचव्या महिन्यात पुन्हा कॅमेरा घातला. जखमा भरत आल्या होत्या. आतडं माझं माझ्याकडेच राहणार होतं! आजार आयुष्यभर सोबत असेल, डोसही दर आठ आठवड्यांनी. चालेल.

परवा पोलादपूरला मामाकडे गेले. वरंधहून महाड, तिथून पोलादपूर. दोन्ही गाड्यांत खिडकीशी बसले आणि एकदाही स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहिलं नाही. (महाड ते मुंबई बायकांच्या स्वच्छतागृहांना कुठे कडी आहे आणि कुठे पाणी नाही, हे मला पाठ आहे. पुढचं पत्रक त्यावरच.)

मामी आईच्या कानाशी लागली, "मूळव्याध बरी झाली का गो हिची?"

आईने आवाज चढवला. पडवीतली माणसं वळून बघू लागली. "मूळव्याध नाय, आतड्याची सूज हाय. औषध चालू हाय. तू कशाला कुजबुजतेस? तुला जातं का रक्त?"

मामीने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "दोन महिने झाले."

सोमवारी आम्ही तिला डॉक्टरकडे नेतोय. तिला काय झालंय ते तपासणी सांगेल. तुम्ही आज एक करा: माझ्या आईच्या आवाजात, तुमच्या घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुला जातं का रक्त?"