खालचं मॉडेल

‘नंतर वाढवून घेऊ’ हे शब्द पुन्हा माझ्या कानावर पडले, तर मी कुणाच्या अंगावर धावून जाईन सांगता येत नाही. माझं माहेर देवासचं. बाबा तरुणपणी महाराष्ट्रातून तिथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि मेंटेनन्समधूनच रिटायर झाले. आमच्या कॉलनीत सगळी त्यांच्यासारखीच माणसं. खालचा मजला बांधायचा, गच्चीवर सळया उभ्या सोडायच्या, वरचा मजला नंतर. त्या सळया गंजल्या, वाकल्या, त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या गेल्या, पण वरचा मजला फार थोड्यांचा झाला. आमचा नाही झाला. स्कूटर आली तीही सगळ्यात साधी. तिचं गार्ड नंतर, स्टेपनी नंतर. एखादी वस्तू पहिल्याच दिवशी पूर्ण विकत घेता येते, हे लग्न होऊन धारला येईपर्यंत मला माहीतच नव्हतं.

धारला मी घरी बसून इंदूरच्या एका फर्निचरवाल्यांसाठी स्वयंपाकघरांची ड्रॉइंग करायचे. आधी नुसती मापं आणि कपाटं. मग तिथल्या मॅडम म्हणाल्या, थ्रीडी शिकून घ्या. ग्राहकाला स्क्रीनवर अख्खं किचन फिरवून दाखवता आलं पाहिजे. तीन महिने काम बघू, जमलं तर पक्की नोकरी, आणि तीही घरूनच. धारमध्ये राहून, घर सांभाळून असा दर महिन्याचा पगार मला दुसरीकडे कुठे मिळणार नव्हता. त्या नोकरीसाठी मी जीव टाकत होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

माझा जुना लॅपटॉप त्या कामापुढे लगेच टेकीला आला. नवा घ्यायला मी देवासला गेले, कारण आमच्याकडे मिक्सरसुद्धा बाबांना दाखवल्याशिवाय येत नाही. दुकानदारानं दोन लॅपटॉप समोर ठेवले. रंग एक, आकार एक. वरच्या मॉडेलमध्ये रॅम दुप्पट होती आणि चित्रांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. फरक तीस हजारांचा. माझ्या पर्समध्ये वरच्या मॉडेलचेही पैसे होते, मोजून आणले होते.

बाबांनी दोन्ही उलटेपालटे करून पाहिले. “बेटा, डबा तर सेमच आहे. इतके पैसे फालतूत कशाला? खालचं घे. रॅम काय, नंतर वाढवून घेऊ. कारखान्यात आम्ही मोटर नव्हतो बदलत, तिचं वाइंडिंग बदलायचो.”

“हाँ बाऊजी, सब बढ़ जाता है,” दुकानदार म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं, का तो सरळ खोटं बोलला, ते मला आजही कळलेलं नाही. मी मात्र गप्प बसले. कामाला काय लागतं ते त्या दुकानात फक्त मला ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. बाबांचा मान राखला म्हणे.

महिन्याभरात तमाशा सुरू झाला. ओटा आणि कपाटं काढेपर्यंत ठीक. टाइल्स आणि दिवे बसवले की पंखा घरघरायचा आणि स्क्रीन जागच्या जागी थिजायची. लॅपटॉप छातीशी धरून धार ते इंदूर, इंदूर ते देवास अशी बस बदलत मी दुकानात गेले. दुकानदारानं मोठी डिस्क टाकली. काही फरक नाही. मग त्यानं खाली ठेवायला पंख्यांचा स्टँड विकला. मग म्हणाला, रॅम मागवलीय, पुढच्या आठवड्यात या. असे तीन आठवडे गेले, तेव्हा बाबाच मला एका दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं मागचं झाकण उघडलं, एकदा पाहिलं आणि परत लावलं.

“बाऊजी, इसमें तो रॅम बोर्ड पे ही चिपकी आती है। बढ़ेगी नी।”

“तो बोर्ड बदल दो,” बाबा म्हणाले.

त्यानं बोर्डाची किंमत सांगितली. त्यात डिस्क, स्टँड आणि बसचं भाडं धरलं, तर वरच्या मॉडेलवर वाचवलेले तीस हजार केव्हाच पार झाले असते. बाबा त्याला भाव कमी करायला सांगू लागले आणि माझा तोल गेला. “बाबा, आता तुम्ही एक शब्द बोलू नका,” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. ते बाकावर बसले आणि घरी पोचेपर्यंत खरंच बोलले नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

इकडे इंदूरचं काम चालूच होतं. ग्राहकासमोर व्हिडिओ कॉलवर किचन फिरवताना तीनदा स्क्रीन गोठली. तिन्ही वेळा मी मॅडमना एकच मेसेज केला: लाइट गेली. धारचं नाव सांगितलं की त्यावर कुणीही विश्वास ठेवतं. खरं का नाही सांगितलं? माझं सासर एके काळी संस्थानात अधिकारी असलेल्यांचं. त्या अधिकाराचं आता काही उरलेलं नाही, ताठा तेवढा आहे. “सूनबाई, आपल्यात कशाची वाण आहे हे परक्यांस कळता कामा नये,” असं सासूबाई मला पहिल्या वर्षीच बजावून मोकळ्या झाल्या. माहेरी साखर संपली तरी आम्ही शेजारी मागायला जात नसू. दोन्ही घरांनी मिळून मला असं तयार केलं की ‘माझा लॅपटॉप कमी पडतो’ हे साधं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. तिसऱ्या वेळेनंतर मॅडमनी काम पाठवणं बंद केलं.

मग मी माझ्या नावची एफडी मोडली. बाबांना विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं नाही. एकटी इंदूरला गेले आणि वरचं मॉडेल घेऊन आले. तेच रखडलेलं किचन त्यावर उघडलं. टाइल्स, दिवे, चिमणी, सगळं एका दमात फिरलं. मी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला.

“काम आपका अच्छा था,” त्या म्हणाल्या. “पर धार में इतनी लाइट जाती है। क्लाइंट से हम कितनी बार माफ़ी माँगें? हमने दूसरी लड़की रख ली।”

“मैडम, लाइट नहीं गई थी,” मी म्हणाले. “लैपटॉप कमज़ोर था। अब नया ले लिया।”

“तो बोला क्यों नहीं? लैपटॉप तो हम देते हैं। जिसका कम पड़ता है, उसे ऑफ़िस से भेज देते हैं। जो नई आई है, उसने पहले ही दिन माँग लिया।”

मी फोन ठेवला. समोर एफडीचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर कुणा अनोळखी माणसाचं किचन अजून गोल गोल फिरत होतं.

“काय म्हणाल्या गं त्या?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“नोकरी गेली,” मी म्हणाले. “माझा लॅपटॉप कमी पडत होता. मागितला असता तर फुकट मिळाला असता. मी मागितला नाही.”

“अगं, हळू बोल. खिडक्या उघड्या आहेत.”

मी उठून खिडकीशी गेले आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.